अँटिबायोटिकच्या गोळीतच प्रोबायोटिक (एल.बी.) : घ्यायचं कसं, टाळायचं कुणी

औषधविद्या

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिड किंवा सेफिक्झिमच्या स्ट्रिपवर नावापुढे बऱ्याचदा 'एल.बी.' छापलेलं असतं. पोट बिघडू नये याची सोय गोळीतच आहे, असं समजून लोक निर्धास्त होतात. फार्मसीच्या काउंटरवर रोज कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "एल.बी.वाली आहे ना, मग पोटाला काही होणार नाही." हा समज चुकीचा का आहे आणि अशी गोळी चिठ्ठीवर आलीच तर काय सांभाळायचं, यासाठी हा धागा.

एल.बी. म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस, शास्त्रीय नाव बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. हे एक प्रोबायोटिक, म्हणजे पोटाच्या फायद्यासाठी घ्यायचा जिवंत सूक्ष्मजीव. जुन्या लेबलांवर याचंच नाव लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस असं असतं. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसपेक्षा हा वेगळा जीव. हा बीजाणू (स्पोअर) तयार करतो, म्हणून कोरड्या गोळीत टिकतो आणि जठरातल्या आम्लातूनही पार होतो.

आता खोक्याच्या मागचा घटकांचा मजकूर वाचा. काही गोळ्यांवर "६० मिलियन स्पोअर्स" असं असतं, म्हणजे ६ कोटी. दिवसाला तीन गोळ्या घेतल्या तर १८ कोटी. मुलांमधल्या ज्या चाचण्यांत प्रोबायोटिकचा फायदा ठळक दिसला, तिथे दिवसाचा डोस ५०० कोटी किंवा त्याहून जास्त होता, आणि तोही ठरावीक जातींचा, मुख्यतः लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस आणि सॅकरोमायसिस बोलार्डी यांचा. काही गोळ्यांत आकडा मोठाही असतो. तेव्हा आधी आकडा बघा.

दुसरी अडचण वेळेची. जिवाणूंचं प्रोबायोटिक अँटिबायोटिकपासून निदान दोन तास लांब ठेवावं असा संकेत आहे. दोन्ही एकाच गोळीत असले की अंतर ठेवणार कुठून? बीजाणू झोपलेल्या अवस्थेत असेपर्यंत अँटिबायोटिक त्याला काही करत नाही. पण आतड्यात तो रुजला की साधा जिवाणू होतो आणि पेनिसिलिन गटाच्या औषधाला बळी पडू शकतो. सेफिक्झिम तर तोंडाने घेतल्यावर जेमतेम निम्मं रक्तात जातं, उरलेलं आतड्यातच राहतं. ज्या आतड्यात या जिवाणूने काम करायचं तिथेच औषध त्याची वाट बघत असतं.

आणि कोर्स संपला की प्रोबायोटिकही त्याच दिवशी बंद होतं. जुलाब कोर्स संपल्यानंतरही सुरू होऊ शकतात.

त्यामुळे स्पष्ट मत सांगते: अँटिबायोटिक साधं घ्यावं. प्रोबायोटिक खरोखर हवं असेल तर ते वेगळं, नाव आणि संख्या बघून, आपल्या वेळेला घ्यावं. मात्र चिठ्ठीवर एल.बी.वाली गोळी आली म्हणून कोर्स थांबवू नका. बहुतेक लोकांत तिच्यामुळे नुकसान होत नाही. कुणाला होऊ शकतं ते खाली येईलच.

रानजाई

विद्याताई, चांगला धागा. ६२५ च्या गोळीबद्दल वॉर्डमध्ये रोज सांगावं लागतं ते इथे लिहिते.

६२५ म्हणजे अमॉक्सिसिलिन ५०० मि.ग्रॅ. आणि क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिड १२५ मि.ग्रॅ. ३७५ ची गोळी म्हणजे २५० अधिक १२५. म्हणजे दोन्हींत क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिड तेवढंच. ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या तर अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होतं, पण क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिड २५० होऊन बसतं. पोटात कळा आणि जुलाब मुख्यतः त्याच्यामुळेच येतात. घरच्या घरी ही बेरीज करू नका.

गोळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायची. उपाशीपोटी मळमळ होते, आणि जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिड चांगलं शोषलं जातं.

ही गोळी ओल पटकन धरते. आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत काढून ठेवायची सवय असते ना, ती या औषधाला चालत नाही. स्ट्रिपमधून काढायची ती थेट तोंडात. फुगलेली, तपकिरी डाग पडलेली किंवा भुगा झालेली गोळी घेऊ नये.

डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम नाही.

सह्यकडा

प्रश्न आहे. ६२५ सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी पोट ढवळून दोन-तीन पातळ शी होतात. तिथे प्रोबायोटिक काही करू शकतं का?

औषधविद्या

सह्यकडा, मुद्द्याचं विचारलंत. अँटिबायोटिकचे जुलाब एका प्रकारचे नसतात, आणि सगळा घोळ इथेच होतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत येणारे बहुतेक क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिडचे. ते लहान आतड्याची हालचाल वाढवतं. त्याचा आतड्यातल्या जिवाणूंशी फारसा संबंध नाही, त्यामुळे प्रोबायोटिकने तिथे विशेष फरक पडत नाही. गोळी जेवणाबरोबर आहे ना, डोस बरोबर आहे ना, एवढं बघायचं. पाणी पीत राहायचं.

दुसरे तीन-चार दिवसांनी येणारे. मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू कमी होतात, न पचलेली कर्बोदकं तशीच पडून राहतात आणि पाणी ओढतात. गॅस, आंबूस वास, पातळ शी. प्रोबायोटिकचा उपयोग असला तर या प्रकारात. २०१९ च्या कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) आढाव्यात मुलांच्या ३३ चाचण्या एकत्र पाहिल्या. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेतलेल्यांत ८ टक्के मुलांना जुलाब झाले, न घेतलेल्यांत १९ टक्के. म्हणजे साधारण नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळतात. फरक खरा आहे, पण उरलेल्या आठ जणांना त्याचा काही फरक पडत नाही हेही तेवढंच खरं.

तिसरा प्रकार घातक: क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. त्याबद्दल टेम्सकाठ लिहितील तर बरं.

टेम्सकाठ

लिहितो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम असल्याने रोजचा विषय आहे.

क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, थोडक्यात सी. डिफ. इतर जिवाणू मेले की याला मोकळं रान मिळतं आणि याचं विष मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणतं. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन (सेफिक्झिम याच गटातलं) आणि फ्लुरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन) यांत धोका जास्त. वय ६५ च्या पुढे, नुकतंच हॉस्पिटलात राहिलेलं, आणि जोडीला पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी औषधं) चालू असेल तर धोका वाढतो. आपल्याकडे अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर पॅन्टोप्राझोल सवयीने येतं. ते नक्की कशासाठी आहे हे विचारायला हरकत नाही.

चोवीस तासांत तीन किंवा जास्त पाण्यासारख्या शी, पोटात कळ, ताप, शीमधून रक्त: हे कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही झालं तर डॉक्टरांना "अमुक तारखेपर्यंत अमुक अँटिबायोटिक घेतलं होतं" हे पहिल्या वाक्यात सांगा. तपासणी पातळ शीचीच होते, घट्ट शी पाठवून उपयोग नाही. एक वर्षाखालच्या बाळाची सहसा करत नाहीत, कारण त्या वयात हा जिवाणू आजार नसतानाही सापडतो.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, अशा वेळी आपल्या मनाने घेऊ नये. विष आतच अडकून राहतं.

घरात रुग्ण असेल तर हात साबण आणि वाहत्या पाण्यानेच धुवा. सॅनिटायझरच्या अल्कोहोलने याचे बीजाणू मरत नाहीत. संडास ब्लीचच्या द्रावणाने पुसावा.

प्रोबायोटिकने हे टळतं का? पुरावा मिश्र आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात धोका बराच कमी झालेला दिसतो, पण फायदा मुख्यतः आधीच जास्त धोका असलेल्यांत. उलट २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ६५ वर्षांवरचे जवळपास ३,००० रुग्ण होते आणि त्यात काहीच फरक दिसला नाही. इथे ब्रिटनमध्ये रुग्णांना सरसकट प्रोबायोटिक लिहून देत नाहीत.

डॉ_कोकणमेवा

लहान मुलांचं ड्राय सिरप हा चुकांचा सगळ्यात मोठा अड्डा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिडच्या सिरपच्या दोन ताकदी नेहमी मिळतात. २२८.५ म्हणजे ५ मिलीत २०० अधिक २८.५ मि.ग्रॅ. आणि ४५७ म्हणजे ५ मिलीत ४०० अधिक ५७. हिशोब बघा: १२ किलोच्या मुलाला दिवसाला किलोमागे ४५ मि.ग्रॅ. अमॉक्सिसिलिन ठरवलं तर दिवसाचे ५४० मि.ग्रॅ. होतात, म्हणजे दोन वेळा २७० मि.ग्रॅ. २२८.५ च्या बाटलीतून हे सुमारे ६.७५ मिली, ४५७ च्या बाटलीतून सुमारे ३.४ मिली. दुकानात एक नव्हती म्हणून दुसरी ताकद घेतली आणि मिली तेवढेच ठेवले, तर डोस एक तर दुप्पट होतो नाहीतर निम्मा. हे उदाहरण हिशोब कळावा म्हणून दिलंय. तुमच्या मुलाचा डोस आजार आणि वजन बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही एवढंच करा, बाटलीवरचा आकडा चिठ्ठीवरच्या आकड्याशी जुळवून बघा.

पाणी घालताना: बाटली उलटी करून ठोका, तळाची पावडर सुटी होऊ द्या. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा. फेस खाली बसेपर्यंत थांबा, मग खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा हलवा. फेसाची पातळी खूण समजली तर पाणी कमी पडतं आणि औषध तीव्र होतं. गरम पाण्याने क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिड खराब होतं, आणि एल.बी.वालं सिरप असेल तर तो जिवाणूही.

बाटलीवर पाणी घातल्याची तारीख लिहा. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. सात दिवसांनी उरलेलं ओतून टाका. प्रत्येक वेळी हलवूनच द्या, नाहीतर वरचे डोस पातळ आणि तळाचे तीव्र होतात. मोजायला बाटलीबरोबरचा मोजकाप किंवा बिनसुईची सिरिंज घ्या. घरातला चमचा कधी ३ मिलीचा निघतो, कधी ७ चा.

औषध बाटलीभर दुधात मिसळून देऊ नका. मुलाने अर्धं दूध टाकलं तर किती औषध पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही.

सह्यकडा

आणि दही-ताक? अँटिबायोटिक सुरू झालं की घरोघरी "ताक पी" हा सल्ला ठरलेला असतो.

औषधविद्या

कोणतं अँटिबायोटिक त्यावर आहे.

अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिड, सेफिक्झिम, अ‍ॅझिथ्रोमायसिन: दही-भात, ताक खुशाल.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन मात्र कॅल्शियमला चिकटतात. गोळी ताकाच्या पेल्याबरोबर घेतली तर औषध पुरतं शोषलं जात नाही आणि जंतुसंसर्ग तसाच राहतो. नुसतं दूध, दही, ताक गोळीपासून निदान दोन तास लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी आणि अँटासिड यांचं अंतर जास्त हवं: सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. गरोदरपणातली किंवा अ‍ॅनिमियाची लोहाची गोळी चालू असेल तर हे हमखास निसटतं. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास तरी आडवं होऊ नका, गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

घरचं दही हे अन्न म्हणून उत्तम आहे. पण त्यात कोणते जिवाणू, किती, हे विरजणागणिक बदलतं. प्रोबायोटिकचा डोस म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. कढी उकळली की जिवाणू संपलेच.

वैनगंगा

केमिस्टच्या बाजूने दोन गोष्टी.

सेफिक्झिम हे शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू झालं. खोक्यावर लाल चौकट आणि आरएक्स ही खूण असते. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि केमिस्टला रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि दिलेली संख्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. एल.बी. जोडलं म्हणून ते टॉनिक होत नाही. चिठ्ठीशिवाय "दोन गोळ्या सुट्या द्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणणं हे आमचं काम आहे. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ हीच आठवण करून देते.

दुसरं, साठवण. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बहुतेक प्रोबायोटिकवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, काहींवर फ्रिजमध्ये ठेवा असं. उन्हात उभ्या गाडीत दुपारभर राहिलेल्या पाकिटातले जिवाणू एक्सपायरीच्या तारखेआधीच मेलेले असू शकतात. लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल जास्त नाजूक, बीजाणूवाले चिवट. घेताना पाकिटावर पूर्ण नाव (जात आणि स्ट्रेनसकट) आणि एक्सपायरीपर्यंत जिवंत राहणारी संख्या आहे का ते बघा. नुसतं "प्रोबायोटिक ब्लेंड" लिहिलेलं असेल तर ते शेल्फवरच राहू द्या.

रानजाई

वैनगंगा, बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलीच्या प्लास्टिकच्या कुप्यांबद्दलही लिहायला हवं. एका कुपीत २०० कोटी बीजाणू असतात. दिसायला त्या सलाइनच्या किंवा नेब्युलायझरच्या कुपीसारख्या. ते फक्त तोंडाने द्यायचं औषध आहे. घरी नेब्युलायझर असेल तर या कुप्या त्याच्या डब्यात ठेवू नका. हॉस्पिटलात इंजेक्शनच्या ट्रेमध्ये तर अजिबात नको. शिरेतून गेलं तर जिवाणू थेट रक्तात. हलवल्यावर गढूळ दिसतं ते बरोबरच आहे. मान मोडून थेट किंवा थोड्या पाण्यात, दुधात द्या आणि उघडलेली कुपी लगेच संपवा.

टेम्सकाठ

आता टाळायचं कुणी. हा भाग घाईत वाचू नका.

केमोथेरपी चालू, पांढऱ्या पेशी खूप कमी, अवयव रोपणानंतरची औषधं, मोठे स्टिरॉइड डोस, आयसीयूमधला रुग्ण, मानेत किंवा छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी): या सगळ्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही प्रोबायोटिक घेऊ नये, एल.बी.वाली गोळीसुद्धा. कृत्रिम हृदयझडप असेल तरी आधी विचारा. एल.बी. गोळीचा खरा धोका हाच की प्रोबायोटिक आत आहे हे पुष्कळदा लक्षातच येत नाही.

सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे. अँटिबायोटिकने मरत नाही, म्हणून अंतर ठेवावं लागत नाही हा त्याचा फायदा. पण सेंट्रल लाइनवाल्या रुग्णाच्या खाटेशेजारी पुडी फोडली तरी हवेतून, हातावरून ते लाइनमध्ये जाऊन रक्तात बुरशी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पुडी खोलीबाहेर फोडायची. युरोपातल्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना ते देऊच नये असं ठरवलं. फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असेल तर हे यीस्ट मरतं, त्यामुळे एकत्र घेण्यात अर्थ नाही. कढत चहा-दुधात घालू नका.

अकाली जन्मलेल्या बाळाला घरच्या सल्ल्याने प्रोबायोटिकचे थेंब मुळीच नकोत. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये याबाबत इशारा दिला. आणि स्वादुपिंडाला तीव्र सूज असताना नेदरलँड्समध्ये २९६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००८) प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के मृत्यू झाले, न दिलेल्यांत ६ टक्के. "जिवाणू चांगलेच, घेतले तर काय बिघडलं" हे म्हणण्याआधी हे आकडे माहीत असावेत.

सह्यकडा

मग धडधाकट माणसाने पाच-सात दिवसांच्या कोर्सबरोबर घ्यावं का? घ्यायचं तर वेळा कशा?

औषधविद्या

निरोगी प्रौढ, छोटा कोर्स, आधी कधी त्रास नाही: गरज नाही. उलट २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या छोट्या प्रयोगात सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि मेट्रोनिडॅझोलच्या कोर्सनंतर अनेक जातींचं प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळचे जिवाणू पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागला. प्रयोग लहान होता, पण 'घेतलं की फायदाच' हे गृहीत धरता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

मागच्या अँटिबायोटिकला जोरदार जुलाब झालेले, वयस्कर आणि हॉस्पिटलात राहून आलेले, लांबलचक कोर्स असलेली मुलं: इथे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. सुरुवात अँटिबायोटिकच्या पहिल्या दोन दिवसांत करावी, उशिरा सुरू केलं तर फायदा घटतो. वेळा अशा बसतात: अँटिबायोटिक सकाळी ८ आणि रात्री ८ असेल तर लॅक्टोबॅसिलस सकाळी ११ आणि रात्री १०.३० ला. आठ तासांनी, म्हणजे ६, २ आणि १० ला असेल तर प्रोबायोटिक सकाळी १० आणि संध्याकाळी ६ ला. कोर्स संपल्यावर आणखी एक-दोन आठवडे चालू ठेवतात. पोट खूप फुगलं, ताप आला तर बंद करून दाखवा.

प्रोबायोटिकच्या नादात अँटिबायोटिकचे स्वतःचे धोके विसरू नका. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं: गोळी बंद आणि थेट हॉस्पिटल. क्लॅव्युलेनिक अ‍ॅसिडने होणारी कावीळ औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसते, गडद लघवी आणि अंगाला खाज ही सुरुवात. पूर्वी या औषधाने कावीळ झाली असेल तर ते पुन्हा नाही. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल ही रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी कोर्सदरम्यान आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) लवकर तपासून घ्यावा, रक्त जास्त पातळ होऊ शकतं. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर अमॉक्सिसिलिन लिहिण्याआधी सांगा.

डॉ_कोकणमेवा

जुलाब लागले तर मुलांना आधी ओआरएस, मग बाकीचं. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, ४ ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडी २०० मिलीत. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका, मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. खोक्यातलं गोड फळांचं पेय म्हणजे ओआरएस नाही. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल झालं तर रात्र असली तरी निघा.

सह्यकडा

शेवटचा प्रश्न. चिठ्ठीवर एल.बी. असेल तर केमिस्टला साधी गोळी मागावी का? आणि दहा दिवसांचा कोर्स असेल तर सात दिवसांच्या सिरपचं काय करायचं?

वैनगंगा

केमिस्टने आपल्या मनाने बदल करायचा नाही. दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावा, "एल.बी. नसलेली चालेल का" एवढंच विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात. त्याच वेळी मि.ग्रॅ., वेळा आणि किती दिवस हे तिन्ही चिठ्ठीवर आहे ना ते बघून घ्या.

डॉ_कोकणमेवा

दहा दिवसांसाठी दोन बाटल्या लागतात. दुसरी कोरडीच ठेवा, फ्रिजबाहेर, ओल आणि ऊन न लागेल अशा जागी. आठव्या दिवशी सकाळी तिच्यात पाणी घाला. पहिलीत उरलेलं दुसरीत ओतू नका. आणि दुसरी आणताना तिची ताकद पहिलीशी जुळते का ते दुकानातच बघा.